नीसडन लेन ते कॉव्हेंट्री : सुरुवातीच्या रेगेच्या वाटेने

बुधवार, ब्रिक्स्टन

जमैकातून आलेले सुरुवातीचे रेगे संगीत आणि ते इंग्लंडात सर्वांत आधी उचलून धरणारी कामगारवस्त्यांतील तरुण मुले, म्हणजे १९६९ च्या सुमाराचे, बारीक कापलेल्या केसांवरून नाव पडलेले मूळचे स्किनहेड, यांच्या खुणा पाहण्यासाठी यंदाच्या जूनमध्ये मी इंग्लंडला गेले. हे संगीत मी तरुणपणापासून ऐकत आले आहे आणि त्याच्याविषयी मला मनापासून प्रेम आहे. मात्र ‘स्किनहेड’ म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ते वंशद्वेष्टे टोळके. ते चित्र खोटे नाही; पण त्याच्याआधीची दोन-तीन वर्षे त्याच्याखाली पुरती झाकली गेली आहेत, आणि त्या वर्षांत काळी व गोरी मुले एकाच तबकडीवर नाचत होती, ही गोष्ट मला त्या जागांवर उभे राहून समजून घ्यायची होती.

सुरुवात दक्षिण लंडनमधील ब्रिक्स्टनपासून करणे भाग होते. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून कॅरिबियन बेटांवरचे शेकडो लोक टिलबरी बंदरात उतरले. त्यांच्यापैकी ज्यांना राहायला जागा नव्हती अशा दोनशेहून अधिक जणांना क्लॅपम साउथ स्थानकाखालच्या युद्धकालीन खोल तळघरात ठेवण्यात आले. तिथून सर्वांत जवळची रोजगार कचेरी ब्रिक्स्टनच्या कोल्डहार्बर लेनवर होती. माणसे तिथे काम मागायला गेली, काम मिळाल्यावर आसपास खोल्या भाड्याने घेऊन राहिली, मागाहून नातेवाईक आले आणि ब्रिक्स्टनची वस्ती उभी राहिली. एका रोजगार कचेरीच्या पत्त्यावरून एका शहराच्या संगीताचा नकाशा ठरला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आज तिथल्या चौकाला विंडरश स्क्वेअर असे नाव आहे आणि चौकाच्या कडेला २०१४ मध्ये उघडलेली ‘ब्लॅक कल्चरल आर्काइव्ह्ज’ ही संस्था आहे. सकाळचा बराचसा वेळ मी तिथेच काढला.

दुपारी अटलांटिक रोड, इलेक्ट्रिक अव्हेन्यू आणि छताखालचा बाजार पायी फिरले. सुरण, हिरवी केळी, खारवलेले मासे, लाल-पिवळ्या चपट्या मिरच्या यांच्या राशींमधून चालताना रेल्वेपुलाखालच्या दुकानांतून संगीत ऐकू येत होते. साठच्या दशकात याच परिसरातल्या रेकॉर्डच्या दुकानांत शनिवारी जमैकन घरांतील मुले नवी तबकडी आली का हे विचारायला येत आणि त्यांच्या शाळेतील गोरी मुलेही त्यांच्याबरोबर येत. ब्रिक्स्टन रोडवर ‘रॅम जॅम’ नावाचा क्लब होता. तो १९६६ मध्ये सुरू झाला आणि तिथे जमैकन कलावंत येऊन गात. शाळा, युवक मंडळ, कारखान्याचे फाटक आणि फुटबॉलचे मैदान या सर्व ठिकाणी ही मुले एकत्र होती. नाचायलाही ती एकत्र गेली, यात त्यांना स्वतःला काही विशेष वाटले नसावे.

त्या संगीताविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे रेगे म्हणजे बॉब मार्ली यांची सत्तरच्या दशकातील संथ, ध्यानमग्न गाणी असाच समज आहे. जमैकात १९६० च्या आसपास वेगवान ‘स्का’ आला, १९६६ मध्ये त्याची गती उतरून ‘रॉकस्टेडी’ झाले आणि १९६८ मध्ये लय पुन्हा घट्ट होऊन रेगे जन्माला आले. या पहिल्या रेगेमध्ये गिटारचा तुटक झटका ठोक्याच्या मधल्या जागी पडतो, ऑर्गन त्याच्या आतून सारखा खदखदत राहतो आणि बास, म्हणजे खर्जाचा आवाज, पुढे येऊन गाण्याची चाल जणू स्वतःच गातो. गाणे अडीच-तीन मिनिटांत संपते. उपदेश फारसा नाही. घोड्यांच्या शर्यती, उधारी, रिकामा खिसा, मुलगी, भांडण असे रोजच्या जगण्यातले विषय. डेस्मंड डेकर यांचे ‘इझ्राएलाइट्स’ हे पहाटे उठून पोटासाठी राबणाऱ्या माणसाचे गाणे. जमैकातील चिनी वंशाचे निर्माते लेस्ली काँग यांनी ते काढले आणि एप्रिल १९६९ मध्ये ते ब्रिटनमधील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. डेकर पुढे इंग्लंडमध्येच स्थायिक झाले आणि २००६ मध्ये ब्रिक्स्टनपासून काही मैलांवरच्या थॉर्नटन हीथ येथे वारले.

गुरुवार, विल्सडन आणि नीसडन लेन

लंडनमध्ये माझा मुक्काम वायव्येला डॉलिस हिल येथे अण्णाकाकांकडे होता. काका १९६९ मध्ये पुण्याहून इथे आले आणि पार्क रॉयलच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली. डॉलिस हिल लेनवरच १९३२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, त्यामुळे हा भाग लंडनच्या मराठी माणसांच्या परिचयाचा आहे. गणपतीला, दिवाळीला, नाटकाला इथे माणसे दुरून येतात. मात्र त्या वास्तूपासून पायी अर्ध्या तासाच्या आत, नीसडन लेनवरच्या १२ क्रमांकाच्या इमारतीत, ट्रोजन रेकॉर्ड्स ही कंपनी होती, ही गोष्ट काकांनाही माझ्याकडूनच कळली.

ट्रोजन म्हणजे मूळच्या स्किनहेडांचे संगीत जिथून निघाले ती जागा. जमैकाची राजधानी किंग्स्टनमधील निर्माते ड्यूक रीड यांच्या ‘द ट्रोजन’ या बिरुदावरून हे नाव आले आणि १९६८ मध्ये ली गॉप्थल यांनी आयलंड रेकॉर्ड्सच्या ख्रिस ब्लॅकवेल यांच्या भागीदारीत कंपनी उभी केली. गॉप्थल जमैकात जन्मलेले, भारतीय वंशाचे, पेशाने हिशेबनीस. उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी १८४५ पासून भारतातून जी गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, माणसे जमैकाला नेण्यात आली, त्यांच्यामुळे त्या बेटावर भारतीयांची वस्ती झाली होती. किलबर्नमधील केंब्रिज रोडवर गॉप्थल यांच्या मालकीचे घर होते. त्याच्या तळघरात सनी रॉबर्ट्स या जमैकन सुताराने १९६२ मध्ये ‘प्लॅनेटोन’ हा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला आणि पुढे ब्लॅकवेल यांची कंपनीही त्याच घरात भाड्याने आली. घरमालक आणि भाडेकरू यांच्या ओळखीतून ब्रिटनमधील रेगेचा व्यवसाय आकाराला आला. जवळच हार्लस्डनमध्ये, क्रेव्हन पार्क रोडवर, पामर बंधूंची पामा ही प्रतिस्पर्धी कंपनी होती.

नीसडन लेनवर मी बराच वेळ उभी होते. हा बसगाड्यांचा, रहदारीचा रस्ता आहे आणि कोणी मुद्दाम पाहायला यावे असे त्यावर काही नाही. तरीही या रस्त्यावरून निघालेल्या पेट्यांमधील तबकड्या देशभरातल्या कामगारवस्त्यांत पोहोचल्या. रेडिओवर ही गाणी क्वचितच लागत. ती पसरली बाजारातल्या गाळ्यांवरून, क्लबांतून, आणि मुलांनी एकमेकांना ऐकवल्यामुळे. हॅरी जे ऑल स्टार्स यांचे ‘लिक्विडेटर’ हे शब्दांविना, केवळ ऑर्गनवर चालणारे वाद्यगीत १९६९ मध्ये पहिल्या दहांत आले आणि ते फुटबॉलच्या मैदानांवर असे रुजले की चेल्सीसारख्या क्लबांनी ते पुढेही कित्येक वर्षे वाजवले. मे १९७१ मध्ये डेव्ह आणि अँसल कॉलिन्स यांचे ‘डबल बॅरल’ पहिल्या क्रमांकावर गेले. याच काळात कंपनीने गाण्यांवर व्हायोलिनचे गोड थर चढवायला सुरुवात केली, मुलांचे केस वाढले, जमैकातील संगीत तिथल्या रास्ताफारी या धार्मिक पंथाच्या श्रद्धेकडे वळले आणि १९७५ मध्ये मूळची ट्रोजन बुडाली. व्हायोलिन चढवलेली ती गाणी मी ऐकली आहेत. मला ती निर्जीव वाटतात.

हार्लस्डनमध्ये जेवायला बोकडाचे मटण घातलेली ‘करी गोट’ आणि भात घेतला. ही जमैकाची म्हणून ओळखली जाणारी करी गिरमिटियांच्या चुलीवरून तिथे गेली आहे. चव आपल्या मटणापासून दूर असली तरी हळद आणि धण्याचा वास ओळखीचा होता.

संध्याकाळी काकांना दिवसभराचे सगळे सांगितले. ते बराच वेळ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, “तू ज्यांच्या मागावर आली आहेस ना, ती पोरं आम्हाला लांबून ओळखू यायची. बुटांचा आवाज आला की आम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जायचो. आमच्या खोलीवरचा एक पंजाबी मुलगा रात्रपाळीहून येताना सापडला त्यांना. दोन दात गेले त्याचे. पोलिसांकडे जायची आमची हिंमत नव्हती.”

“काका, त्यांच्यात काळी मुलंही असायची का?”

“असायची की. तेच तर आम्हाला कळायचं नाही. शेजारी एक जमैकन कुटुंब होतं, दर शनिवारी त्यांच्या भिंतीतून तो बास यायचा. मला आवडायचा तो. पण हे काय वाजवता, असं विचारायला मी कधी गेलो नाही, आणि तेही कधी आले नाहीत.”

रात्री उशिरापर्यंत मी याचाच विचार करत होते. त्या मुलांच्या आवडीच्या तबकड्या काढणारा मालक भारतीय वंशाचा होता आणि त्याच सुमारास त्याच्यासारखा चेहरा असलेल्या माणसांना त्यांच्यातलीच काही मुले रस्त्यात गाठून मारत होती. या दोन्ही गोष्टी शेजारशेजारी ठेवल्याशिवाय १९६९ ची गोष्ट पुरी होत नाही.

शुक्रवार, व्हाइटचॅपल

काकांच्या बोलण्यानंतर बेत बदलून पूर्व लंडनला गेले. एप्रिल १९७० मध्ये याच बाजूला तोसीर अली नावाचे गृहस्थ, एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरातील कामगार, कामावरून घरी परतत असताना भोसकले गेले आणि मरण पावले. त्या काळात वर्तमानपत्रांतून दक्षिण आशियाई माणसांवरील हल्ल्यांच्या बातम्या वरचेवर येत होत्या आणि त्यांत स्किनहेडांचे नाव असे. त्याआधी दोन वर्षे, एप्रिल १९६८ मध्ये, खासदार इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅममध्ये स्थलांतरितांविरुद्ध भाषण केले होते आणि लंडनच्या गोदी कामगारांनी त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर मोर्चा नेला होता. ज्या घरांतील मुले जमैकन गाण्यांवर नाचत होती, त्यांतल्या काही घरांतले वडील त्या मोर्चात चालले असतील. जमैकन मुलगा शाळेत शेजारी बसे, इंग्रजी बोले, फुटबॉल खेळे. आशियाई माणूस मात्र या मुलांना भेटत होता तो दुकानात किंवा रस्त्यात, आणि भाषा, जेवण, घर या तिन्ही बाबतींत त्यांना परका वाटत होता. कारण म्हणून हे मला पटते. क्षमा म्हणून पटत नाही.

अ‍ॅडलर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर अल्ताब अली पार्क आहे. अल्ताब अली हे तरुण बांगलादेशी कापड कामगार ४ मे १९७८ रोजी कामावरून घरी जाताना इथे मारले गेले. दहाच दिवसांनी हजारो बंगाली कामगार त्यांची शवपेटी पुढे ठेवून पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत चालत गेले. बागेला त्यांचे नाव १९९८ मध्ये देण्यात आले. बागेच्या एका टोकाला ढाक्याच्या शहीद मिनाराची लहान प्रतिकृती आहे, हिरवळीवर कार्यालयांतील मंडळी डबे खात बसली होती.

शनिवार, ब्रायटन

ब्रायटनला दर उन्हाळ्यात जुन्या-नव्या स्किनहेडांचा मेळावा भरतो. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकाहून तासाभरात गाडी पोहोचते. समुद्राकाठच्या मेडेइरा ड्राइव्हवर स्कूटरींच्या रांगा लागल्या होत्या आणि त्यांच्यामधून साठी-सत्तरीतील माणसे अशा नेटक्या पोशाखात फिरत होती की मी पाहतच राहिले.

हा पोशाख नीट पाहण्याजोगा आहे. चौकड्यांचा, कॉलरला बटणे असलेला सदरा. बेन शेर्मन या नावाने तो ओळखला जातो आणि त्या कंपनीची सुरुवात १९६३ मध्ये याच ब्रायटनमध्ये झाली. अरुंद पट्टे, म्हणजे ब्रेसेस. घोट्याच्या वर दुमडलेली जीन्स किंवा कडक इस्त्रीची पँट. पायांत डॉक्टर मार्टेन्सचे आठ छिद्रांचे बूट. हा नमुना १ एप्रिल १९६० रोजी नॉर्थॅम्प्टनशायरमधील कारखान्यात तयार झाला, म्हणून त्याचा क्रमांक १४६०, आणि तो मूळचा पोस्टमन व कारखान्यातील कामगारांचा बूट आहे. संध्याकाळी नाचायला जाताना मात्र सूट, चकचकीत बूट आणि क्रॉम्बी नावाचा लोकरी कोट. पोशाखाचा अर्धा भाग कामाच्या जागेवरून आला आणि अर्धा किंग्स्टनच्या ‘रूड बॉय’ म्हणवणाऱ्या बंडखोर तरुणांकडून, ज्यांची आखूड पँट आणि अरुंद काठाची टोपी लंडनच्या मुलांनी क्लबांत पाहिली होती. कामगाराचा मुलगा आपले कामगारपण न लपवता, उलट ते इस्त्री करून, पॉलिश करून मिरवतो, हा यातला स्वाभिमान मला गिरणगावात वाढलेल्या माझ्या वडिलांच्या रविवारच्या कपड्यांत दिसत असे.

दुपारी क्लबमध्ये केवळ पंचेचाळीसच्या, म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या लहान, तबकड्या वाजत होत्या. गाणे सुरू होताच पहिल्या दोन सुरांतच लोक ओळखत आणि गुडघ्यांतून झुलत, जमिनीवर टाचा आपटत नाचत. माझ्या शेजारी लंडनच्या बर्मंडसी भागात वाढलेले, गोदीत काम केलेले एक गोरे गृहस्थ होते आणि त्यांच्या पत्नीचे आईवडील जमैकाहून आलेले. दोघांची भेट १९७० मध्ये एका युवक मंडळाच्या नाचाच्या संध्याकाळी झाली. त्यांनी मला एकेका तबकडीचे नाव, लेबलचा रंग आणि ती पहिल्यांदा कुठे ऐकली हे सांगितले. तबकडीच्या मधल्या कागदाचा रंग सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

शेवटी मी त्यांना काकांनी सांगितलेले सारे सांगितले. ते थोडे थांबले. “ते घडलं,” ते म्हणाले. “मी केलं नाही, पण माझ्याबरोबरच्यांनी केलं आणि मी घरी गेलो. काळ्या मुलांना कोणी बोललं तर आम्ही भांडायचो. तुमच्या लोकांसाठी भांडायचं, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.” त्यांच्या पत्नी म्हणाल्या की त्यांच्या शाळेत एकही भारतीय मुलगी नव्हती. दोघांनी ही गोष्ट टाळली नाही याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला. मग ऑर्गनचा एक ओळखीचा तुकडा सुरू झाला, त्यांनी मला हाताला धरून उठवले आणि मी नाचले.

रविवार, कॉव्हेंट्री

पहाटे ब्रायटनहून निघून लंडनमार्गे कॉव्हेंट्रीला आले. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बाँबहल्ल्यात बेचिराख झालेले आणि मोटारींच्या कारखान्यांवर पुन्हा उभे राहिलेले हे शहर. कारखान्यांना माणसे हवी होती म्हणून आयर्लंड, जमैका आणि पंजाब इथून ती आली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कारखाने बंद पडू लागले आणि त्याच काळात इथे ‘टू टोन’ हे काळ्या-गोऱ्या वादकांचे संगीत जन्माला आले.

वॉल्सग्रेव्ह रोडवर ‘टू टोन व्हिलेज’ आहे : अंगणाभोवती कॉव्हेंट्री संगीत संग्रहालय, उपाहारगृह आणि काळ्या-पांढऱ्या चौकड्यांच्या वस्तूंची दुकाने. संग्रहालय लहान आहे, पण ज्यांनी ते मांडले आहे त्यांचे शहरावर प्रेम आहे हे प्रत्येक कोपऱ्यात जाणवते. जेरी डॅमर्स यांनी १९७९ मध्ये टू टोन हे तबकड्यांचे लेबल काढले. त्यांच्या ‘द स्पेशल्स’ या वाद्यवृंदात गायक नेव्हिल स्टेपल आणि गिटारवादक लिनव्हल गोल्डिंग हे दोघे जमैकात जन्मलेले होते. गायिका पॉलीन ब्लॅक यांच्या ‘द सिलेक्टर’ या वाद्यवृंदामध्ये तर बहुतेक सदस्य काळे. लेबलवरचा सूट-टोपीतील काळा-पांढरा माणूस जमैकन गायक पीटर टॉश यांच्या साठच्या दशकातील एका छायाचित्रावरून रेखाटलेला आहे. दहा वर्षांपूर्वीच्या जमैकन तबकड्या पंक या आक्रमक रॉक संगीताच्या वेगाने पुन्हा वाजू लागल्या आणि त्यांच्याबरोबर आखूड केसांची पोरेही परत आली. आता मात्र त्यांच्यात ‘नॅशनल फ्रंट’ हा वर्णद्वेषी पक्ष आपली भरती करत होता. काळ्या गायकांसमोर नाचायचे आणि बाहेर पडून नाझी सलाम ठोकायचा, असे प्रेक्षक या वाद्यवृंदांच्या वाट्याला आले. मारामारी सुरू झाली की ते वादन थांबवत. १९८० मध्ये गोल्डिंग यांच्यावरच लंडनमध्ये वंशद्वेषी हल्ला झाला. त्यावर त्यांनी लिहिलेले गाणे स्पेशल्सच्या ‘घोस्ट टाउन’ या गाण्याच्या तबकडीच्या मागच्या बाजूला आहे.

दुपारी स्मिथफर्ड वेवरील मध्यवर्ती ग्रंथालयाची इमारत पाहिली. साठच्या दशकात हे लोकार्नो नावाचे नृत्यगृह होते, पुढे त्याचे नाव टिफनीज झाले. स्पेशल्सच्या १९८० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेल्या तबकडीची दुसरी बाजू याच जागी प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित झाली आणि तिच्यात १९६९ च्या स्किनहेडांची आवडती तीन गाणी एका माळेत गुंफलेली आहेत, ‘लिक्विडेटर’ त्यांतलेच एक. नीसडन लेनवरून निघालेली चाल इथे, या छताखाली, नव्या पिढीच्या हाती आली.

तिथून बट्स या भागाकडे चालत गेले. एप्रिल १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीच्या भर बाजारपेठेत सतनाम गिल या तरुण विद्यार्थ्याला गोऱ्या तरुणांच्या टोळीने ठार मारले. मे महिन्यात हजारो लोकांचा निषेध मोर्चा निघाला. त्यानंतर २० जून १९८१ रोजी स्पेशल्सनी बट्सच्या मैदानावर वंशसलोख्यासाठी जाहीर कार्यक्रम केला. ‘घोस्ट टाउन’ नुकतेच बाजारात आले होते आणि जुलैमध्ये ब्रिक्स्टनपासून लिव्हरपूलपर्यंतच्या शहरांत दंगली उसळल्या तेव्हा तेच गाणे पहिल्या क्रमांकावर होते. त्याच वर्षी वाद्यवृंद फुटला, म्हणून त्या उन्हाळ्याची आठवण बहुतेक वेळा त्या गाण्यापुरतीच काढली जाते. माझ्या लेखी त्या वर्षातली त्यांची सर्वांत मोठी गोष्ट बट्सवरचा तो कार्यक्रम आहे. ब्रायटनच्या गृहस्थांच्या डोक्यात १९७० मध्ये जे आले नव्हते, ते या काळ्या-गोऱ्या वादकांनी अकरा वर्षांनी एका पंजाबी मुलासाठी, आपल्याच शहरात, आपल्याच प्रेक्षकांसमोर उभे राहून केले.

जुने मैदान आता नाही. त्या जागी २००४ पासून रग्बीचे क्रीडांगण आहे. फाटक बंद होते, म्हणून कुंपणाच्या कडेने एक फेरी मारली आणि बाहेरच्या बाकावर बसून अण्णाकाकांना फोन केला. त्यांनी सतनाम गिल यांचे नाव पुन्हा उच्चारायला सांगितले आणि ते लिहून घेतले. मग म्हणाले, “उद्या ते घोड्यांच्या शर्यतीचं की कसलं गाणं म्हणत होतीस, ते लाव. मला तो बास नीट ऐकायचाय.”